नहुश्तान फोडायला हवा: मराठी मंडळ्यांचे पाळक आणि पंच यांना खुले पत्र

प्रिय पाळकसाहेब, वडीलजन आणि पंच कमिटीचे सर्व सभासद यांस,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने सप्रेम सलाम.

बाप्तिस्म्याच्या वर्गात मूर्तिपूजेचा विषय निघाला की आपल्याकडे निर्गमाचा विसावा अध्याय उघडतो, मग एकशे पंधरावे स्तोत्र. डोळे आहेत पण दिसत नाही, कान आहेत पण ऐकू येत नाही. उमेदवार आज्ञा पाठ म्हणून दाखवतो, बाप्तिस्मा होतो आणि तो विषय तिथेच मिटतो. आम्ही मराठी मंडळ्यांत बायबल वर्ग आणि शब्बाथ शाळा घेणारी माणसे आहोत. या पत्रात आम्ही एक वेगळे वचन तुमच्यापुढे ठेवतो, कारण ते बाहेरच्यांबद्दल नसून देवाच्या लोकांबद्दल आहे: दुसरे राजे १८:४.

यहूदाच्या हिज्कीया राजाने उच्च स्थाने, म्हणजे टेकड्यांवरची पूजेची ठिकाणे, काढून टाकली, स्तंभ फोडले, अशेरा या कनानी देवीची मूर्ती तोडली. इतके सगळ्यांना आठवते. त्याच वचनात पुढे लिहिले आहे की मोशेने केलेला पितळी सापही त्याने फोडला, कारण लोक त्यापुढे धूप जाळत होते. हा साप कनानी लोकांकडून आलेला नव्हता. गणना २१ प्रमाणे तो देवाच्या सांगण्यावरून घडवला होता. त्याच्याकडे पाहून सर्पदंश झालेली माणसे वाचली होती. प्रभूने स्वतःच्या वधस्तंभासाठी दाखला दिला तोही याच सापाचा, योहान ३:१४ मध्ये. अशा वस्तूची पाचशेहून अधिक वर्षांत मूर्ती झाली. हिज्कीयाने ती मंदिराच्या कोठारात जपून ठेवली नाही, 'केवळ आठवणीसाठी' अशी पाटीही लावली नाही. त्याने तिचे तुकडे केले आणि तिला नाव दिले नहुश्तान, म्हणजे पितळेचा तुकडा.

आपल्या मंडळ्यांना आज मूर्तिपूजेचा जो धोका आहे तो शेजारच्या देवळातून येत नाही. तो आपल्याच व्यासपीठावरून येतो. प्रार्थना केलेल्या तेलाच्या बाटल्या, आजाऱ्याच्या उशाखाली ठेवायचे रुमाल, ३१ डिसेंबरच्या रात्री ताटलीतून उचलायचे वचनाचे कार्ड, 'पेरा म्हणजे दसपट मिळेल' म्हणून मागितलेले अर्पण, फलकावर वधस्तंभापेक्षा मोठा छापलेला प्रचारकाचा चेहरा. यातल्या प्रत्येकाची सुरुवात एखाद्या चांगल्या गोष्टीतून झाली आहे, म्हणून तर ओळखायला कठीण जाते.

तेलापासून सुरुवात करतो, कारण ते सगळ्यात जास्त पसरले आहे. 'अभिषेकाचे तेल' असे नाव चिकटवलेल्या बाटल्या विकताना निर्गम ३० चा आधार दिला जातो. तो अध्याय पूर्ण वाचावा. तिथे कृती दिली आहे: प्रवाही गंधरस ५०० शेकेल, सुवासिक दालचिनी २५०, सुवासिक वेखंड २५०, तज ५०० आणि जैतुनाचे तेल एक हिन. शेकेल साधारण साडेअकरा ग्रॅमचा धरला तर गंधरस आणि तज प्रत्येकी पावणेसहा किलोच्या आसपास होतात. हिनभर तेल म्हणजे अंदाजे चार लिटर. आणि कृतीच्या लगेच पुढे, ३२ व ३३ व्या वचनांत, ताकीद आहे: हे तेल सामान्य माणसाच्या अंगाला लावू नये, याच्यासारखे दुसरे बनवू नये, जो बनवील त्याचा आपल्या लोकांतून उच्छेद व्हावा. म्हणजे ज्या अध्यायाच्या आधाराने बाटली विकली जाते, तोच अध्याय ती बाटली भरायला मनाई करतो.

मग याकोब ५:१४ चे काय? ते वचन आम्ही मनापासून मानतो आणि पाळावे असे म्हणतो. पण त्यात क्रम काय आहे तो पाहा. आजारी माणूस मंडळीच्या वडिलांना बोलावतो. वडील, म्हणजे एकापेक्षा जास्त, त्याच्या घरी येतात. ते प्रभूच्या नावाने तेल लावतात आणि प्रार्थना करतात. पंधरावे वचन सांगते की विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील आणि प्रभू त्याला उठवील. तेल वाचवील असे तिथे म्हटलेले नाही. तेल घरी न्यायचे, कपाटात ठेवायचे, दाराच्या चौकटीला, दुकानाच्या गल्ल्याला, परीक्षेच्या पेनाला लावायचे, यातले काहीही त्या उताऱ्यात सापडत नाही. लिंबू-मिरची काढून त्याच खिळ्याला तेलाचे बोट लावले तर खिळ्याचे काम बदलत नाही.

म्हणून आमची सूचना. आजाऱ्याच्या भेटीला निदान दोन वडिलांनी मिळून जावे. नेहमीच्या स्वयंपाकाचे तेल घ्यावे, शक्यतो त्याच घरातले, वाटीत दोन चमचे. आधी वचन वाचावे, मग आजाऱ्याला बोलू द्यावे, कारण सोळाव्या वचनात पापे कबूल करण्याचा भाग आहे आणि घाईत तो नेहमी गळतो. मग कपाळाला तेल लावून प्रार्थना करावी. सगळ्यात महत्त्वाचे शेवटी: वाटीत उरलेले तेल सर्वांसमक्ष परत स्वयंपाकघरात द्यावे, संध्याकाळच्या फोडणीला. घरच्यांना हे पाहू द्या. ते उरलेले तेल कोणी बाटलीत भरून जपू लागला, तर नहुश्तान तिथेच तयार होतो. सूचना क्षुल्लक वाटेल, पण कोणत्याही प्रवचनापेक्षा ती लवकर पटते.

रुमालांचेही तसेच. प्रेषित १९:१२ मध्ये पौलाच्या अंगावरचे रुमाल व फडकी आजाऱ्यांकडे नेल्याचे आहे. अकरावे वचन सांगते की ती असाधारण कृत्ये देव करत होता. पौलाने कापड वाटले, विकले किंवा कोणत्या मंडळीला तसे करायला शिकवले, असे कुठेही नाही. त्याच्या पत्रांत दुखणाइतांचे उल्लेख आहेत: त्याचा सोबती त्रफिम मिलेतात आजारी राहिला, आणि तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यांसाठी त्याने थोडा द्राक्षारस सुचवला. एकालाही रुमाल पाठवला नाही.

इथेच औषधांबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण या चुकीने जीव जातो. 'मी विश्वासाने गोळ्या बंद केल्या' अशी साक्ष व्यासपीठावरून दिली जाते, लोक हालेलुया म्हणतात, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणीतरी घरी जाऊन तेच करतो. क्षयाचा औषधोपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढते, माणसाला बरे झाल्यासारखे वाटते. पण जंतू शिल्लक असतात आणि अर्धवट सोडलेल्या उपचारातून औषधाला न जुमानणारा क्षय तयार होतो. तो मग घरातल्या मुलांनाही लागू शकतो. टाइप-१ मधुमेहात इन्सुलिन थांबवले तर एक-दोन दिवसांतही रक्तात आम्ल साठून माणूस बेशुद्ध पडू शकतो. फिटच्या गोळ्या अचानक सोडल्या तर एकामागून एक, न थांबणाऱ्या फिट येऊ शकतात. हे प्रत्येक पाळकाला माहीत असायलाच हवे.

बरे झाल्याची साक्ष घेण्याआधी पंचांपैकी एकाने त्या व्यक्तीला एकांतात तीन प्रश्न विचारावेत. डॉक्टरांनी काय निदान केले होते? आता तपासणी झाली आहे का? औषध कोणाच्या सांगण्यावरून बंद केले? याला कोणी अविश्वास म्हणेल. त्याला मार्क १:४४ दाखवा. प्रभूने शुद्ध केलेल्या कुष्ठरोग्याला सांगितले, जा, स्वतःला याजकाला दाखव. लेवीय १४ प्रमाणे तपासून 'शुद्ध' ठरवण्याचा अधिकार याजकाकडे होता. खुद्द प्रभूने केलेला चमत्कारही तपासणीला पाठवला गेला. आणि ज्या हिज्कीयाने साप फोडला, तो पुढे मरणाच्या दारात पोहोचला तेव्हा देवाने त्याचे आयुष्य १५ वर्षे वाढवले. पण यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिरांची चांदकी बांधायला लावली, दुसरे राजे २०:७. वचन आणि लेप एकाच घरात, एकाच दिवशी.

कायद्याचाही एक शब्द. चमत्कारी उपायांनी रोग बरे करण्याच्या जाहिरातींना १९५४ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आहे. महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. तथाकथित चमत्कार करून दाखवून पैसे मिळवणे, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे, हे त्याच्या अनुसूचीत आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. हा कायदा प्रार्थनेला हात लावत नाही. तो ज्याला हात लावतो, ते आपल्या आवारात चालू नये.

आता वचन-कार्ड. वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेत ताटलीतून प्रत्येकाने एक कार्ड उचलायचे, ते त्याचे 'या वर्षाचे वचन'. यात वाईट काय, असे विचारले जाते. मुलाबाळांच्या हाती वचन जाते हे चांगलेच आहे. बिघडते ते पुढे. कार्ड निवडून छापणारा फक्त आशीर्वादाची वचने घेतो. यिर्मया २९:११ दरवर्षी निघते, हिताचे संकल्प, आशा. दहावे वचन कोणाच्याच कार्डावर नसते: ती आशा बाबेलात बंदिवान म्हणून नेलेल्या यहूद्यांना दिलेली आहे, आणि बाबेलची ७० वर्षे पुरी झाल्यावरची आहे. हे ज्यांना लिहिले गेले त्या मोठ्या माणसांतले बहुतेक परत येण्याआधीच मरणार होते. त्यांना पाचव्या वचनापासून सांगितले आहे की घरे बांधा, बागा लावा, त्याच शहराच्या हितासाठी प्रार्थना करा. मूल नसलेल्या जोडप्याच्या हाती संततीच्या आशीर्वादाचे कार्ड पडते. ते जोडपे कार्ड फ्रेम करून लावते. डिसेंबर येतो, काही घडलेले नसते, आणि आता त्यांना वाटते की देव खोटा ठरला किंवा आपला विश्वास कमी पडला. देवाने ते वचन त्यांना दिलेच नव्हते. ताटलीने दिले होते.

प्रेषितांनीही चिठ्ठ्या टाकल्या, असे उत्तर येईल. टाकल्या, प्रेषित १:२६ मध्ये, एकदा. आधी पात्रतेच्या अटी ठरवल्या, दोन नावे पक्की केली, प्रार्थना केली आणि मग एका जागेसाठी चिठ्ठी. पेन्टेकॉस्टनंतर, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्यावर, त्या पुस्तकात पुन्हा चिठ्ठी नाही.

कार्डांऐवजी पंचांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपूर्ण मंडळीसाठी एकच अध्याय ठरवावा आणि जानेवारीचे चारही रविवार त्यावर उपदेश व्हावा. कार्ड छापायचेच असेल तर एकट्या ओळीऐवजी आठ-दहा वचनांचा सलग भाग छापावा, मागे 'हे कोणी, कोणाला, केव्हा लिहिले' एवढे तरी द्यावे, आणि सर्वांना एकच कार्ड द्यावे. डोळे मिटून बायबल उघडायचे आणि जिथे बोट पडेल ते देवाचे उत्तर मानायचे, ही सवयही शब्बाथ शाळेतच मोडावी. ती कौल लावण्याचीच पद्धत आहे. फक्त पाकळीच्या जागी पान आले.

पैशाबद्दल बोलताना शास्ते १७ वाचा. मीखा नावाच्या माणसाची आई ११०० रुपे, म्हणजे चांदीचे तुकडे, परमेश्वराला वाहते, सोनाराला २०० देते आणि मूर्ती होते, परमेश्वराच्याच नावाने. मग मीखा एका लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवेसाठी नेमलेल्या वंशातल्या माणसाला, नोकरीवर ठेवतो: वर्षाला दहा रुपे, एक पोशाख आणि जेवण. तेराव्या वचनात तो म्हणतो की आता परमेश्वर माझे बरे करणार, कारण लेवी माझा याजक झाला आहे. यात बआल या कनानी देवाचे नाव कुठेही नाही. देवाला पगारावर बांधून घेण्याचा तो प्रयत्न आहे, आणि 'हजार पेरा, दहा हजार कापा' हे त्याचेच आजचे रूप. पौल कलस्सै ३:५ मध्ये लोभाला सरळ मूर्तिपूजा म्हणतो. नवस फेडणे आपण सोडले असे आपण म्हणतो. अर्पणाच्या पाकिटावर 'व्हिसासाठी', 'प्लॉटसाठी', 'मुलीच्या स्थळासाठी' लिहून ठरावीक रक्कम टाकणे दुसरे काय आहे?

उपाय हिशोबाच्या वहीत आहेत. अर्पण उपासनेनंतर लगेच दोन पंचांनी मिळून मोजावे, दोघांच्या सह्या घ्याव्यात, बँकेत भरावे; पौलानेही दुसरे करिंथ ८:२०-२१ मध्ये अशीच काळजी घेतली. देणाऱ्याचे नाव आणि रक्कम व्यासपीठावरून वाचू नये. पाहुण्या प्रचारकाला बोलावताना आधीच लेखी कळवावे: प्रवासखर्च आणि मानधन कमिटी ठरवील, सभागृहात कसलीही विक्री होणार नाही, दसपटीची भाषा होणार नाही, आणि पडद्यावरचा क्यूआर कोड मंडळीच्या खात्याचाच असेल. हे मान्य नसणारा प्रचारक कितीही नावाजलेला असो, त्याला बोलावू नये. कापणीच्या सणाच्या लिलावाला आमची हरकत नाही. तांदळाची गोणी, अंड्यांची टोपली, घरची भाकरी बोलीवर जाते आणि मंडळीच्या कामाला पैसा मिळतो, ही आपली आनंदाची रीत आहे. फक्त 'पाळकांनी हात ठेवलेली' म्हणून एखाद्या वस्तूची बोली चढवू नका.

माणसाची मूर्ती होण्याबद्दल थोडक्यात. लुस्त्रात लोक पौल-बर्णबापुढे बैल आणि हार घेऊन आले तेव्हा त्यांनी आपली वस्त्रे फाडली. रोमी शताधिपती कर्नेल्य पाया पडला तेव्हा पेत्राने त्याला उठवले आणि म्हणाला, मीही माणूसच आहे. फलकावर विषय आणि वचन मोठे असावे, वक्त्याचे नाव लहान, फोटो नसला तरी चालेल. पाळकांच्या पाया पडणाऱ्याला पाळकांनी हाताने उठवावे. लाजेखातर पडू देऊ नये.

वस्तू, पद्धत किंवा माणूस मूर्ती झाला आहे का, हे तपासायला एक सोपी चाचणी आहे. पुढच्या चार रविवारी ते बंद ठेवा. लोकांना चुकल्यासारखे वाटले तर ठीक. लोक घाबरले, आता काहीतरी वाईट होईल असे म्हणू लागले, तर उत्तर मिळाले. ही चाचणी टाळ-मृदंगाला लावा, समईला लावा, रांगोळीला लावा. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अभंग आणि कीर्तन मंडळीत रुजवले, आणि आजही ती गाणी नसलेल्या रविवारी कोणी भीत नाही. समई काढून मेणबत्ती लावल्याने कोणी जास्त ख्रिस्ती होत नाही. भीती तेलाच्या बाटलीभोवती आहे, आणि लक्ष तिकडेच द्यायला हवे.

शेवटी नवीन विश्वासणाऱ्यांच्या बाजूने. आत्याकडच्या पूजेला जायचे का, प्रसाद घ्यायचा का, हे त्यांचे रोजचे प्रश्न आहेत. त्यांना नुसते 'नाही' शिकवून पाठवले जाते. पहिले करिंथ ८ ते १० मध्ये पौल तीन जागा वेगळ्या करतो. बाजारात विकत मिळते ते चौकशी न करता खा. कोणी जेवायला बोलावले तर पुढे येईल ते खा. पण 'हे वाहिलेले आहे' असे कोणी सांगितले तर त्याच्या विवेकासाठी खाऊ नका. मूर्तीच्या मेजाशी मात्र भागीदारी नाही, कारण प्रभूचे मेज एकच आहे. म्हणजे दुकानातला पेढा हा प्रश्नच नाही, शेजारणीच्या डब्यात विवेकाने वागायचे, आणि पूजेला बसायचे नाही. वर्गात वाक्यांचाही सराव करून घ्या: "आत्या, आरतीला मी उभी राहणार नाही, पण पाणी भरायला आणि पाहुण्यांचं बघायला सकाळपासून येते." आणि तिथल्या देवांची टिंगल करायची नाही. इफिसात दंगल झाली तेव्हा नगरलेखकाने, जो ख्रिस्ती नव्हता, लोकांना सांगितले की या माणसांनी देवीची निंदा केलेली नाही, प्रेषित १९:३७. आपल्या तरुण संघाबद्दल गावातल्या कोणाला असे म्हणता यावे. आणि ज्या मुलीला आपण सोमवारी प्रसादाबद्दल इतके शिकवतो, तिच्या हातात रविवारी बाटली ठेवून 'घरात शिंपड' म्हणू नका. ती गोंधळते, आणि तिचे घरचे तिला विचारतात की मग फरक काय. त्यांचा प्रश्न रास्त आहे.

बाटल्या आधीच भरून ठेवल्या असतील, तर त्यांचे काय करायचे तेही सांगतो. त्याच एकोणिसाव्या अध्यायात जादूटोणा करणाऱ्यांनी आपली पुस्तके आणून सर्वांसमक्ष जाळली. किंमत मोजली गेली: ५०,००० चांदीची नाणी, म्हणजे ५०,००० दिवसांच्या मजुरीइतकी. विकून तो पैसा गरिबांना देऊ, असे कोणी म्हटले नाही. तेव्हा उरलेला साठा अर्ध्या किमतीत काढू नका, दुसऱ्या मंडळीला देऊ नका. पंचांच्या बैठकीत ठराव करा, वहीत नोंदवा, ज्यांनी पैसे देऊन बाटल्या घेतल्या त्यांना सामान्य फंडातून पैसे परत करा. येत्या रविवारी उपासनेनंतर सर्वांसमोर नावाच्या पट्ट्या सोला. तेल खाण्याचे असेल तर त्या दिवसाच्या प्रीतिभोजनाच्या भाजीला वापरा, केसांचे असेल तर महिला मंडळात वाटून टाका, रिकाम्या बाटल्या भंगारात द्या. आणि हे करताना पाळकसाहेबांनी स्वतः मोठ्याने म्हणावे: हे तेल आहे.

प्रभूच्या सेवेतील आपले,
मराठी मंडळ्यांतील काही बायबल-शिक्षक